कॉम्प्युटर अडला तर आधी काय बघायचं आणि फुकटातली वेबसाईट कशावर उभी करायची

नवीन माणसाचं नेहमी एकच होतं. कॉम्प्युटर रखडायला लागला की तो नेटवर जातो, कुठलंतरी 'पीसी क्लीनर' उतरवतो, त्याने काही होत नाही म्हणून दुसरं उतरवतो, मग त्या दोघांना काढायला तिसरं, आणि या सगळ्यात मूळचं दुखणं काय होतं तेच विसरतो. वेबसाईट बनवायची म्हटलं की परत तेच, दहा जणांनी सांगितलेली दहा सॉफ्टवेअरं टाकून बघायची. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच लेखात घेतेय, कारण पद्धत एकच आहे, मशीनमध्ये जे आधीपासून आहे ते उघडायचं, ते काय बोलतंय ते वाचायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. पुढे बघाल की वेबसाईटची पहिली अडचण टास्क मॅनेजरमध्येच सुटते.

हे सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन झेपत असेल तर ११ वर या. आणि कमांड मी बोलते तशा लिहिल्यात, टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

सुरू करायच्या आधी एक काम. मोबाईलने एररचा फोटो काढा. पूर्ण, आकड्यांसकट. "काहीतरी एरर आला आणि गेला" यावर जगातला कुठलाच माणूस मदत करू शकत नाही.

टास्क मॅनेजर

मशीनवर आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणारं विंडोजचंच टूल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, उघडतो. हे टूल डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनियरने घरी फावल्या वेळात लिहिलं होतं आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये ते आलं, तेव्हापासून मशीन अडकलं की सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. प्रोसेसेस टॅबवर सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम असतात, ज्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक कराल त्याप्रमाणे यादी लागते, जास्त खाणारा वर. एवढं केलं तरी निम्म्या वेळा उत्तर मिळतं, ब्राऊझरचे चाळीस टॅब नाहीतर दोन अँटीव्हायरस एकमेकांशी भांडतायत, असलं काहीतरी.

इथे नवीन लोक एका ठिकाणी हमखास घाबरतात. डिटेल्स टॅबमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाची ओळ असते आणि ती ९५ टक्के सीपीयू खाताना दिसते, की लगेच "हा व्हायरस कसा काढू?" अहो, आयडल म्हणजे रिकामा. प्रोसेसर ९५ टक्के वेळ हातावर हात ठेवून बसलाय एवढंच ती सांगते, तो आकडा जितका मोठा तितकं चांगलं. तसंच 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या ओळी डझनावारी दिसतात, त्याही विंडोजच्याच आहेत, बाकीच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, त्यांच्या पोटात चालतात. शंका आलीच तर त्या ओळीवर राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' करा, फाईल विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात निघाली तर ठीक, डाऊनलोड्स किंवा टेम्प फोल्डरात निघाली तर मात्र लगेच स्कॅन लावा.

मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर स्टार्टअप ॲप्सचा टॅब बघा आणि जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. डिसेबल म्हणजे डिलीट नव्हे, पाहिजे तेव्हा परत चालू करता येतं. आणि डिस्कचा कॉलम सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठल्याही सेटिंगने फार फरक पडत नाही, एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, हा एकमेव खर्च मी डोळे मिटून सांगते.

याहून खोलात जायचं असेल तर सिसइंटरनल्सची टूल्स घ्या, फुकट आहेत. मार्क रुसिनोविच आणि ब्राईस कॉग्सवेल यांनी ती बनवली, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळे ती आता मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून मिळतात. त्यातलं 'ऑटोरन्स' बघाच, विंडोज सुरू होताना काय काय गुपचूप चालू होतं त्याची पूर्ण यादी देतं, टास्क मॅनेजरमध्ये दिसतं त्याच्या कितीतरी पट.

टास्क मॅनेजरच उघडत नसेल तर

'टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युवर ॲडमिनिस्ट्रेटर' असा मेसेज येतो आणि माणूस गोंधळतो, की ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच आहे! ऑफिसचं मशीन असेल तर तिथल्या आयटीवाल्यांनी मुद्दाम बंद केलंय, त्यांना विचारा, परस्पर काही करू नका. घरचं असेल तर बहुतेक एखाद्या व्हायरसने केलंय, कारण टास्क मॅनेजर उघडला तर तो पकडला जाईल ना. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन चालवा, तो रिस्टार्ट करून विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा कमी. तो न काढता नुसती सेटिंग बदलली तर थोड्या वेळात सेटिंग परत जागेवर.

मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं ती वही. विंडोजचं बटण आणि आर दाबा, रेजएडिट टाईप करा. डावीकडे एच-की-करंट-युजर उघडा, त्यात सॉफ्टवेअर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात करंटव्हर्जन, त्यात पॉलिसीज, त्यात सिस्टिम. उजवीकडे 'डिसेबलटास्कमॅनेजर' अशा अर्थाची एक ओळ दिसेल, नाव थोडं आखूड आहे, मॅनेजरच्या जागी एम-जी-आर. तिची किंमत १ असेल तर ० करा. पण त्याआधी, आणि हे मी हात जोडून सांगते, डावीकडच्या 'सिस्टिम'वर राईट क्लिक करून एक्सपोर्ट करा आणि ती फाईल डेस्कटॉपवर ठेवा, कारण रजिस्ट्रीत अन्डू नाही.

रेजएडिटच उघडत नसेल तर बहुधा त्याच जागी 'डिसेबलरजिस्ट्रीटूल्स' अशी बहीण बसलीय. प्रो आवृत्ती असेल तर जीपीएडिट डॉट एमएससी या सेटिंग्जच्या टूलमधून हे दोन्ही सोडवता येतं, होम आवृत्तीत ते टूल येतच नाही, तेव्हा तिथे शोधत बसू नका. होमवाल्यांनी एक करून बघावं, सेटिंग्जमधून नवीन ॲडमिन अकाउंट बनवून त्यात लॉगिन करावं, ही अडवणूक बहुतेकदा एका युजरपुरतीच असते आणि नव्या अकाउंटात सगळं नीट उघडतं.

फाईलीच बिघडल्या असतील तर

मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडताच बंद होतंय, अपडेट अर्ध्यावर अडतंय, अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाईप करायची काळी खिडकी, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. नुसता उघडला तर कमांड चालणार नाही आणि तुम्ही म्हणाल लेखच चुकीचा. पहिली कमांड: डिसम, स्पेस, स्लॅश ऑनलाईन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ती संपली की दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. क्रम असा का, तर एसएफसी बिघडलेली फाईल बदलायला चांगली प्रत विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून आणते आणि डिसम ते कोठारच दुरुस्त करते, कोठारातच सडका माल असेल तर दुरुस्ती कशाने करणार. डिसम मध्येच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थांबते, ती अडकलेली नसते, खिडकी बंद करू नका.

डिस्कवर शंका असेल तर चेकडिस्क आहे (टाईप करताना सी-एच-के-डी-एस-के), स्लॅश एफ लावून. सी ड्राईव्हवर चालवली तर पुढच्या रिस्टार्टला करू का असं विचारते, वाय दाबा. स्लॅश आर लावली तर मोठ्या डिस्कवर तासन् तास लागतात. पण डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर यातलं काहीही न करता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. दुरुस्ती नंतर.

सेफ मोड, आणि माझा मूर्खपणा

सेफ मोड म्हणजे फक्त अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालू केलेलं विंडोज. सेफ मोडमध्ये जायचा सरळ रस्ता म्हणजे शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करायचं, निळी स्क्रीन येते, ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचा, इंटरनेट पाहिजे असेल तर ५. सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल तर भानगड विंडोजच्या गाभ्यात नाही, नंतर टाकलेल्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरसारखं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नाहीतर प्रोग्रॅममध्ये आहे, एवढं निदान हातात येतं. दोन गोष्टी आधी बघून ठेवा: अकाउंटचा खरा पासवर्ड, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, आणि डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं टूल, लावलेलं असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असू शकते, दुसऱ्या फोनवरून बघता येते का ते आजच तपासा.

आता मूर्खपणा. मी एकदा शिफ्टचं लक्षात राहिना म्हणून एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं टूल, उघडलं, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'ला टिक केली आणि रिस्टार्ट केलं, काम झालं, परत रिस्टार्ट केलं तर परत सेफ मोड, परत केलं तर परत सेफ मोड, दोन तास मी समजत होते की विंडोज मेलं. ती टिक आपण काढेपर्यंत निघत नाही हो. बस एवढंच होतं.

एमएसकॉन्फिगचा खरा उपयोग वेगळा आहे. सर्व्हिसेस टॅबमध्ये 'हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'ला टिक करा, आधी ही टिक, विसरू नका, मग उरलेल्या सगळ्या बंद करून रिस्टार्ट करा. त्रास गेला तर त्यातली एखादी गुन्हेगार आहे. अर्ध्या चालू करा, बघा, मग त्यातल्या अर्ध्या. वीस सर्व्हिसेसमधली एक शोधायला असे साधारण पाच रिस्टार्ट पुरतात.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, मी नवीन माणसाला मुद्दाम शेवटी दाखवते, कारण अगदी ठणठणीत मशीनवरसुद्धा त्यात लाल खुणांची रांग असते. फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही दाखवतो" म्हणणारे भामटे नेमकी हीच खिडकी उघडायला लावतात. त्याऐवजी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं टाईप करा, रिलायबिलिटी हिस्टरी येईल, तारखेप्रमाणे आलेख आणि कुठल्या दिवशी काय कोसळलं त्याच्या लाल फुल्या. फुल्या मंगळवारपासून सुरू झाल्या आणि मंगळवारीच नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला होता, झालं, सापडला चोर. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर सोमवारच्या स्थितीला मागे जाता येतं, आणि बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं म्हणून आत्ता, मशीन बरं असतानाच, चालू करून ठेवा.

आता वेबसाईटचं

वेबसाईट सांभाळायचं सॉफ्टवेअर म्हणजे सीएमएस. त्यात लॉगिन करून लेख लिहायचा, फोटो टाकायचा, पब्लिश दाबायचं, कोड लिहावा लागत नाही. फुकटातली तीन नावं तुमच्या कानावर येणारच: वर्डप्रेस, जुमला आणि ड्रुपल. लोक विचारतात यात सगळ्यात चांगलं कुठलं, पण मी उलट विचारते, सहा महिन्यांनी याचे अपडेट कोण मारणार? उत्तर "मीच, वेळ मिळाला तर" असेल तर निवड जवळजवळ ठरलेलीच आहे.

वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल यांनी बी२ नावाच्या जुन्या ब्लॉग सॉफ्टवेअरवरून सुरू केलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्यावर चालतात. याचा नवीन माणसाला फायदा एकच पण मोठा, तुम्हाला येणारी अडचण आधी कुणालातरी येऊन गेलेली असते. तोटाही त्यातच आहे, सगळ्यात जास्त कुलपं याच कंपनीची म्हणून चोरही याच कुलपाचा अभ्यास करतात. जुमला २००५ मध्ये मँबो नावाच्या प्रोजेक्टमधून फुटून निघालं. नाव स्वाहिली भाषेतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलंय, तो मूळ अरबी, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाच्या कागदात एकूण बेरजेला लिहायचे तो 'जुमला' याचाच भाऊबंद. एकाच साईटवर दोन-तीन भाषा ठेवायच्या असतील तर त्याची सोय जुमलामध्ये आतच येते, वर्डप्रेसला त्यासाठी प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लावावं लागतं. ड्रुपल २००१ चं, बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्टचं, ताकदवान आहे पण शिकायला चढण. मोठ्या संस्था, अनेक संपादक, कुणाला काय दिसावं याचे शंभर नियम, तिथे ते शोभतं. पाच पानांच्या साईटला ड्रुपल म्हणजे सुई उचलायला क्रेन. आणि जुन्या ड्रुपल ७ वर काही बसवायला कुणी सांगत असेल तर नाही म्हणा, त्याचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला.

चौथा पर्याय कुणी सांगत नाही. वर्षातून दोनदाच काही बदलणार असेल तर सीएमएसच नको, ह्यूगो किंवा जेकिलसारखं टूल तुमच्या मशीनवर साधी पानं तयार करून देतं, ती तशीच अपलोड करायची. डेटाबेस (सीएमएस लेख जिथे साठवतं ते कोठार) नाही, लॉगिन नाही, हॅक करायला आत काही नाही. फक्त काळ्या खिडकीत कमांड टाईप करायची तयारी पाहिजे, पण वरच्या डिसमपर्यंत आलात म्हणजे ती आहेच.

एक गोंधळ मिटवून टाकू. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग एक नाहीत. कॉमवर तुम्ही त्यांच्या घरात भाडेकरू, फुकट प्लॅनमध्ये जाहिराती त्यांच्या. ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवता येतं, ते खरंच फुकट आणि कायमचं तुमचं, पण होस्टिंग (साईट ठेवायची नेटवरची जागा) आणि डोमेन (साईटचं नाव) यांचे पैसे लागतात. म्हणजे फुकट सॉफ्टवेअर आहे, वेबसाईट नाही.

आधी स्वतःच्या मशीनवर करून बघा

पैसे भरायच्या आधी झॅम्प (एक्स-ए-एम-पी-पी) टाका, तुमच्याच मशीनवर वेबसाईट चालवून बघायचं सॉफ्टवेअर. त्यात अपाचे सर्व्हर, मारियाडीबी डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतं. कंट्रोल पॅनेल उघडून अपाचेसमोर स्टार्ट दाबा आणि बऱ्याच जणांना इथेच लाल अक्षरं दिसतात: पोर्ट ८०, म्हणजे वेब सर्व्हरचा नेहमीचा दरवाजा, कुणीतरी आधीच वापरतंय. घाबरू नका, कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, स्पेस, डॅश ए-एन-ओ टाईप करा, ज्या ओळीत पत्त्यापुढे :८० आणि 'लिसनिंग' आहे तिच्या शेवटचा आकडा म्हणजे पीआयडी, त्या प्रोग्रॅमचा नंबर, तो लिहून घ्या. आता टास्क मॅनेजर, डिटेल्स टॅब, पीआयडीचा कॉलम, तोच आकडा शोधा. मिळाला भाडेकरू. आकडा ४ आणि नाव 'सिस्टिम' असेल तर बहुतेक विंडोजचाच वेब सर्व्हर चालू आहे, सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'वर्ल्ड वाईड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' थांबवा. थांबवायचं नसेल तर अपाचेच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'लिसन ८०' च्या जागी ८०८० करा, मग साईट लोकलहोस्ट:८०८० वर उघडेल, लोकलहोस्ट म्हणजे तुमचंच मशीन.

पुढचं सोपं. वर्डप्रेसची झिप झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरात उघडा, पीएचपीमायॲडमिनमध्ये (झॅम्पसोबत येणारं डेटाबेस सांभाळायचं टूल) रिकामा डेटाबेस बनवा, त्याचं कोलेशन (अक्षरं कशी हाताळायची ती सेटिंग) यूटीएफ८एमबी४ पासून सुरू होणारं निवडा म्हणजे मराठीची प्रश्नचिन्हं होणार नाहीत, मग ब्राऊझरमध्ये लोकलहोस्ट स्लॅश फोल्डरचं नाव. युजर रूट, पासवर्ड रिकामा, होस्ट लोकलहोस्ट. हा रिकामा पासवर्ड फक्त घरच्या सरावाला, खऱ्या होस्टिंगवर असलं काही केलंत तर साईट दुसऱ्याची झाली समजा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी परमालिंककडे, म्हणजे लेखाच्या वेब पत्त्याकडे, लक्ष द्या. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं खातं आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० च देतं, म्हणजे काना-मात्रा धरून बाविसेक चिन्हांत पत्ता कापला जातो. तेव्हा मथळा मराठीत, पत्ता मात्र रोमन अक्षरांत छोटासा हाताने लिहा.

थीम (साईटचं तयार रूप) आणि प्लगिन घेताना शेवटचा अपडेट कधी झालाय ते बघा. विकतची थीम 'फुकट' देणाऱ्या साईटकडे फिरकूही नका, तिच्या पोटात दुसऱ्याचा दरवाजा असतो, आणि तो सापडेपर्यंत तुमची साईट भलत्याच औषधांच्या जाहिराती करत असते.

नेहमीच्या चार अडचणी पटकन. पांढरी स्क्रीन आली: डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगिन्स फोल्डरचं नाव बदला, साईट आली तर नाव पूर्ववत करून एकेक प्लगिन चालू करा, वर सर्व्हिसेसचं केलं तेच. 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन': डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमधलं डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, होस्ट तपासा, बहुतेक पासवर्ड कॉपी करताना शेवटी स्पेस आलेली असते. मेंटेनन्सचा मेसेज जातच नाही: मुख्य फोल्डरातली टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स नावाची फाईल उडवा. मुखपृष्ठ दिसतं पण लेख उघडला की ४०४, म्हणजे पान सापडलं नाही: सेटिंग्ज, परमालिंक्स, काहीही न बदलता सेव्ह.

बॅकअपचं मात्र सावकाश वाचा, कारण लोक फोल्डर कॉपी करतात आणि झालं म्हणतात. फोल्डरात फोटो, थीम आणि प्लगिन असतात, तुम्ही लिहिलेला एकही लेख नसतो, लेख सगळे डेटाबेसमध्ये. म्हणून फोल्डर आणि पीएचपीमायॲडमिनमधून एक्सपोर्ट केलेली फाईल, दोन्ही पाहिजेत, आणि होस्टिंगवरच न ठेवता घरी आणून ठेवायचे. मग ते चालतात का हे झॅम्पमध्ये उभं करून बघा. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली डेटाबेसची माहिती घरची करा, आणि इथे एक गंमत होते, तुम्ही लोकलहोस्ट उघडता आणि ब्राऊझर थेट खऱ्या साईटवर उडी मारतो, कारण साईटचा पत्ता डेटाबेसमध्येच लिहिलेला असतो. नाव 'ऑप्शन्स'ने संपणारं टेबल उघडा, त्यातल्या साईटयूआरएल आणि होम या दोन ओळींमध्ये लोकलहोस्टचा पत्ता टाका आणि पान रिफ्रेश करा.